पाळी परत आली, की पॉलिप?

‘गर्भाशयातील गाठ विरघळवणारा काढा’ नुकताच कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत होता, आणि त्याच सुमारास साठीच्या एका शेजारीणबाईंनी ‘माझी पाळी परत आली’ असे काहीशा कौतुकाने सांगितले. पाळी बंद होऊन बारा महिने उलटल्यानंतर ती सहसा परत येत नाही. त्यानंतर अंगावरून गेलेल्या रक्ताच्या एका डागाचीसुद्धा तपासणी झालीच पाहिजे. अशा रक्तस्रावाचे एक नेहमीचे कारण म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरावर वाढणारा मांसल कोंब, अर्थात पॉलिप.

या अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) जाड होतो, बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्याला सावरून धरते, आणि गर्भ न राहिल्यास प्रोजेस्टेरॉन घटताच त्यातील मळसूत्रासारख्या वळणदार धमन्या आकसून तो थर गळून पडतो, हीच पाळी. खालचा थर जागेवर राहतो व नवे अस्तर त्यातूनच उगवते. पॉलिपचे मूळ या खालच्या थरात असल्याचे मानले जाते. तो इस्ट्रोजेनला भरपूर प्रतिसाद देतो, पण प्रोजेस्टेरॉनला फारशी दाद देत नाही. त्यामुळे तो वाढतो, मात्र पाळीबरोबर झडत नाही. देठावर लोंबणाऱ्या पॉलिपच्या शेंड्याशी रक्त साकळते, तेथील पेशी मरतात आणि दोन पाळ्यांच्या मध्येच डाग दिसतात. पाळी गेल्यावरही चरबीतील अरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेन बनवत राहते, म्हणून स्थूलपणात धोका वाढतो. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध तर स्तनात इस्ट्रोजेनला अडवते आणि गर्भाशयात मात्र इस्ट्रोजेनसारखेच वागते!

पाळीत अतिरेकी रक्त जाणे आणि कधी कधी गर्भ न राहणे, हीही लक्षणे असतात. काही पॉलिप मात्र काहीच जाणवू देत नाहीत. बहुतेक पॉलिप कर्करोगाचे नसतात, परंतु पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असल्यास ती शक्यता वाढते. एक सेंटिमीटरहून लहान पॉलिप कधी कधी आपोआप नाहीसे होतात, आणि श्रेय काढ्याला मिळते.

पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी सोनोग्राफी शक्यतो पाळी संपताच करावी, कारण तेव्हा अस्तर पातळ असते व कोंब लपत नाही. नुसत्या क्युरेटिंगमध्ये, म्हणजे अस्तर खरवडून काढताना, डॉक्टरांना आतले दिसत नसल्याने देठावरचा पॉलिप उपकरणाखालून निसटू शकतो. हिस्टेरोस्कोपीत दुर्बिणीतून पाहून तो मुळापासून काढता येतो आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवला जातो. साध्या पॉलिपसाठी एरवी पिशवी काढण्याची गरज नसते.