बार्शी लाईट रेल्वे

सोलापूर जिल्ह्यातून जाणारी जुनी नॅरोगेज (अरुंद रुळांची) रेल्वे लाईन. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा मार्ग, लांबी सुमारे ३२५ किमी, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट (७६२ मिमी). जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीची मेन लाईन १८६० ला सोलापूरला पोचली पण बार्शीची पेठ बाजूलाच राहिली, जवळचं स्टेशन कुर्डुवाडी, त्याचं तेव्हाचं नावच बार्शी रोड.

सुरुवातीचं साल कोणतं धरायचं यात जरा घोळ होतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अशा फीडर लाईनींसाठी (मेन लाईनला माल आणि प्रवासी आणून देणाऱ्या छोट्या लाईनी) लंडनला कंपनी काढली ती १८८७ ला, बार्शी लाईट रेल्वे कंपनी १८९५ ची, आणि बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली १८९७ ला. इथे १८९७ धरलंय, कारण लोकांच्या आणि मालाच्या उपयोगाची ती तेव्हापासूनच झाली.

ही लाईन गाजली ती छोट्या गेजमुळे असं बरेच जण लिहितात, पण खरी करामत एक्सल लोडची, म्हणजे चाकांच्या प्रत्येक जोडीच्या आसावर पडणाऱ्या भाराची आहे. कॅलथ्रॉपने ठरवलं की इंजिन असो की वॅगन, कुठल्याही एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे यार्डाला ३० पौंडांचा (मीटरला जेमतेम १५ किलो) हलका रूळ पुरतो आणि लाईन स्वस्तात पडते. आजच्या मेन लाईनचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो, त्यावरून अंदाज यावा. पण हलका रूळ म्हणून माल कमी असं त्याला नको होतं, म्हणून वॅगनला दाबून घडवलेल्या स्टीलची फ्रेम, वजन कमी आणि माल जास्त. इंजिनं लीड्सच्या किटसनची, आठ चाकं एकमेकांना जोडलेली आणि मागे आणखी चार, साधारण ३० टन वजन सहा एक्सलवर वाटलेलं. हे डबे आधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून तपासले होते, भारतात यायच्या आधीच.

पुढे पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची तुडुंब गर्दी. १९५४ ला सरकारने लाईन ताब्यात घेतली, नंतर ती मध्य रेल्वेत गेली.

२००० नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालं. जुनी लाईन उस्मानाबाद (आता धाराशिव) शहरात जात नव्हती, रुंदीकरणात मार्ग वळवून ती शहराला जोडली.