दृष्टिहीनांसाठी ग्रंथालयसेवा (मराठी वाचनसाहित्य)

छापील मजकूर डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या किंवा मोठ्या कष्टाने वाचता येणाऱ्या वाचकांपर्यंत पुस्तके, नियतकालिके व अभ्याससाहित्य त्यांना वाचता येईल अशा रूपात पोहोचवण्याची व्यवस्था. यातले काही साहित्य बोटांनी वाचायचे असते (ब्रेल), काही कानांनी (बोलकी पुस्तके, संगणकाचा आवाज), तर काही उरलेल्या दृष्टीला झेपेल असे केलेले असते (मोठा टाइप, भिंग, पडद्यावरचे वर्धन).

या सेवेचे वाचक केवळ पूर्ण अंध नसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते ३ मीटरवरून दिसणे) पेक्षा कमी किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व. त्याच्या वरची, ६/१८ पर्यंतची दृष्टी किंवा ४० अंशांच्या आतले क्षेत्र म्हणजे अल्पदृष्टी. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या भारतात सुमारे ५० लाख, तर महाराष्ट्रात सुमारे ५ लाख ७४ हजार नोंदली गेली. काचबिंदू किंवा मधुमेहामुळे साठीनंतर वाचन सुटलेली माणसे अशा नोंदीत स्वतःला बहुधा घालत नाहीत. पण आयुष्यभर रोज वाचत आलेल्या या माणसांना सेवेची गरज तितकीच असते.

मराठीपुरते पाहिले तर गेल्या शतकात अडचण साधनांची होती: जाड कागद, छपाईयंत्रे, वाचून दाखवणारे आवाज. आज साधने स्वस्त आहेत आणि कायदा वाचकाच्या बाजूने आहे. घोडे अडते ते मजकुरापाशी. मराठी पुस्तक संगणकाला समजेल अशा स्वरूपात हाती येत नाही, आणि येते तेव्हा बहुतेक वेळा मोडलेले असते.

ब्रेल : लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांच्या लिपीत एका घरात दोन उभ्या रांगांत सहा टिंबे असतात आणि त्यांपासून ६३ आकृत्या होतात. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड यांनी अमेरिकन मिशनतर्फे अंधशाळा सुरू केली. आजची दादरची कमला मेहता शाळा ती हीच. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची. त्या काळी भारतीय भाषांसाठी संस्थागणिक वेगळे संकेत वापरले जात आणि एका शाळेचे पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या चर्चांतून १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. सर्व भारतीय भाषांत एका ध्वनीला एकच आकृती हे तिचे सूत्र. त्यामुळे मराठी ब्रेल येणाऱ्याला हिंदी किंवा गुजराती ब्रेलची अक्षरे वेगळी शिकावी लागत नाहीत. डोळस वाचकाला गुजरातीसाठी ती शिकावी लागतात.

भारती ब्रेलमध्ये देवनागरीची वळणे नाहीत, उच्चारांचा क्रम आहे. काना, मात्रा, वेलांटी यांच्या वेगळ्या खुणा नसतात. व्यंजनापुढे सरळ स्वर लिहितात. ‘कि’ म्हणजे क आणि त्यापुढे इ. जोडाक्षरात हलन्ताची खूण आधी येते आणि व्यंजने मागून, म्हणून ‘सूर्य’ हा स, ऊ, हलन्त, र, य असा लिहिला जातो. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र आकृत्या आहेत, ळ लाही आहे. ब्रेलची पाटी (कागद धरणारी, घरे पाडलेली चौकट) आणि टोचणी यांनी लिहिताना कागद मागून टोचला जातो, म्हणून लिहिणे उजवीकडून डावीकडे आणि वाचणे डावीकडून उजवीकडे. १९५१ मध्ये बाजारात आलेल्या पर्किन्स ब्रेलर या ब्रेल टंकयंत्राने ही उलटापालट संपवली, पण खेड्यातल्या शाळेत आजही पाटीच चालते, कारण ती स्वस्त आहे आणि दप्तरात मावते.

ब्रेल ग्रंथालयाला जागा फार लागते. एका छापील पुस्तकाचे सहज तीन-चार जाडजूड खंड होतात. ते आडवे रचून ठेवत नाहीत, कारण वजनाने टिंबे दबतात आणि पुस्तक हळूहळू मुके होते. खंड उभे आणि सैलसर लावतात. पोस्टाने पाठवण्याची सोय मात्र चांगली आहे. अंधांसाठीचे साहित्य असलेले पुडके ७ किलोपर्यंत भूपृष्ठ मार्गाने विनाशुल्क जाते. घरबसल्या सभासद होण्याची पद्धत या सवलतीवर उभी आहे.

देहरादूनला १९५१ मध्ये केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड अर्थात ‘नॅब’चे वरळीचे केंद्र ब्रेल छपाईचे मोठे ठिकाण झाले. पुण्यात विश्रांतवाडीच्या ‘निवांत अंधमुक्त विकासालया’ने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मराठी ब्रेल पुस्तकांचे काम केले. नियतकालिकांत ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक महत्त्वाचे. स्वागत थोरात यांनी ते १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केले. पाठ्यपुस्तके आणि धार्मिक ग्रंथ यांपलीकडे, चालू घडामोडींसाठी ब्रेल वापरले जाऊ शकते हे या पाक्षिकाने दाखवले.

आवाज आल्यावर ब्रेल मागे पडेल, अशी भाकिते अनेकदा झाली. ती करणारे बहुधा डोळस होते. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला ‘पाणी’ आणि ‘पाणि’ यांतला फरक कळायला वाटच नसते. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, परिच्छेद कुठे मोडला, हे बोटाखालीच कळते. गणिताची पदावली तर ऐकून सोडवणे जवळजवळ अशक्य. ब्रेल अक्षरे एकेका ओळीत वर उचलून दाखवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी आता २० घरांची, सुटसुटीत आणि पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि तिच्यामुळे जागेचा प्रश्नही सुटतो.

बोलकी पुस्तके : अमेरिका आणि ब्रिटनमध्ये १९३४–३५ च्या सुमारास ग्रामोफोन तबकड्यांवर ध्वनिमुद्रित पुस्तके आली. भारतात हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो कॅसेटच्या काळात. स्वयंसेवक ध्वनिरोधक खोलीत बसून पुस्तक वाचत. एक कादंबरी आठ-दहा कॅसेटींत मावे. मराठीत हे काम करणाऱ्यांत शिक्षिका, आकाशवाणीवरचे निवेदक, निवृत्त बँक कर्मचारी असा मोठा वर्ग होता आणि आहे. या वाचनाचे काही नियम ठरून गेले आहेत. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूरही वाचायचा, पृष्ठक्रमांक सांगायचा, तळटीप जिथल्या तिथे वाचून ‘तळटीप समाप्त’ म्हणायचे, तक्ता ओळीओळीने वाचायचा, अपरिचित नावाची अक्षरे एकदा सुटी करून सांगायची. संवाद नाटकासारखे रंगवून म्हणू नयेत, हाही त्यांतलाच एक. नव्या स्वयंसेवकाला तो पटत नाही. पण चारशे पानांचा इतिहास ऐकणाऱ्याला वाचकाचा अभिनय नको असतो. काय लिहिले आहे तेवढे हवे असते.

कॅसेटमध्ये ‘प्रकरण सातवे काढा’ म्हणता येत नसे. हा दोष दूर करण्यासाठी १९९६ मध्ये काही देशांतील ग्रंथालयांनी एकत्र येऊन डेझी संघ स्थापन केला. डेझी पुस्तकात ध्वनीबरोबर रचनाही साठवलेली असते: भाग, प्रकरण, उपशीर्षक, पृष्ठ. वाचक हव्या त्या पानावर उडी मारतो, खूण ठेवतो, गती वाढवतो. आजच्या ईपबची (ई-पुस्तकांच्या एका प्रचलित स्वरूपाची) सुलभतेची घडण बऱ्याच अंशी डेझीतूनच आली आहे.

पडदावाचक आणि मोबाइल : पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेल पट्टीवर देणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. जॉज ही त्यांतली जुनी आणि महागडी. २००६ मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी एनव्हीडीए ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली सुरू केली आणि भारतातल्या संगणक प्रशिक्षणाचे चित्र बदलले. मोबाइलवर टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर हे पडदावाचक फोनबरोबरच येतात. मराठी आवाज आज उपलब्ध आहेत. ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीचा फुकट आवाज यांत्रिक असला तरी गती कितीही वाढवली तरी स्पष्ट राहतो, म्हणून सरावलेले वाचक तोच ठेवतात. डोळस माणसाला त्यांचा वेग ऐकून काहीच कळत नाही. हिंदी आवाजाला मराठी वाचायला लावले की ‘चमचा’, ‘जाड’ यांतले दंत्य च-ज तालव्य होतात, आणि मजकूर कळला तरी कानाला खटकत राहतो.

मजकुराची अडचण : मराठी प्रकाशनव्यवसाय संगणकावर गेला तो युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी जागतिक पद्धत) रुळण्याआधी. श्री-लिपी, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. डोळ्यांना पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला निव्वळ गोंधळ ऐकू येतो. या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, पण रफार, जोडाक्षरे आणि अर्धा र यांत चुका राहतात.

युनिकोड आल्यावरही प्रश्न पुरता मिटला नाही. पुस्तके पीडीएफमध्ये दिली जातात आणि पीडीएफ अक्षरांपेक्षा त्यांची चित्रे जपते. त्यातून मजकूर उलटा काढताना वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटते. ज्या प्रकाशकाकडे छपाईची मूळ फाइल आहे त्याने ती ईपब म्हणून काढली तर हा सगळा व्याप टळतो. तसे क्वचित होते.

जुन्या पुस्तकांना तर स्कॅन आणि ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर काढणारी प्रणाली) यांशिवाय मार्ग नाही. रे कर्झवाइल यांनी १९७६ मध्ये छापील इंग्रजी वाचणारे यंत्र सादर केले. मराठीला समाधानकारक ओसीआर मिळायला त्यानंतर काही दशके जावी लागली. आजही ‘रव’ आणि ‘ख’, ध आणि घ, भ आणि म, ष आणि प यांची अदलाबदल होते; झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पानावर अनुस्वार गळतात; ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातून वाट थेट समुद्रात जाते. दिवाळी अंकांतले दोन स्तंभ एकमेकांत मिसळतात, मधल्याच जाहिरातीचा मजकूर कथेत शिरतो. म्हणून प्रत्येक पुस्तकाला डोळस मुद्रितशोधक लागतो. यंत्र घेण्याइतके पैसे देणगीदार देतो, पण तीनशे पाने ओळीओळीने तपासायला माणूस मिळणे अवघड असते. सर्वांत जास्त मागणी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना आहे, आणि ती दरवर्षी बदलतात. तपासून होईपर्यंत नवी आवृत्ती येते.

याउलट, मजकूर मुळातच नीट असेल तर किती फरक पडतो हे मराठी विश्वकोशावरून कळते. त्याचे वीस खंड ब्रेलमध्ये काढले तर एक अख्खी खोली भरेल. महाजालावर तो युनिकोडमध्ये असल्याने साध्या मोबाइलवर, वेगळ्या रूपांतराशिवाय, कोणतीही नोंद ऐकता येते. हे काम अंधांसाठी म्हणून कोणी केले नव्हते.

कायदा : १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात अंधांसाठी पुस्तक रूपांतरित करण्याला सूट नव्हती, संस्था परवानगीची पत्रे पाठवत आणि वाट पाहत. ही स्थिती बदलण्यासाठी झालेल्या प्रयत्नांत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्राचाही वाटा होता. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आले. त्यानुसार कोणीही व्यक्ती, आणि ना-नफा तत्त्वावर काम करणारी संस्था, दिव्यांग वाचकासाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणू शकते. प्रकाशकाची परवानगी लागत नाही. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील मराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारामुळे अशा प्रती देशाबाहेर पाठवण्याची सोय झाली. २०१४ मध्ये या कराराला अनुमती देणारा भारत हा पहिला देश. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. अमेरिकेतला किंवा आखातातला मराठी दृष्टिहीन वाचक मुंबईत तयार झालेली प्रत कायदेशीरपणे मागू शकतो तो या करारामुळे, अर्थात त्याच्या देशाने करार स्वीकारलेला असेल तर.

२४ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांच्या सहकार्याने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. वेगवेगळ्या संस्थांनी केलेली रूपांतरे तिथे एकत्र येतात. एकच पुस्तक तीन शहरांत तीनदा स्कॅन होणे टळावे, हा त्यामागचा हेतू. संग्रहात इंग्रजीचे प्रमाण फार मोठे आहे.

अल्पदृष्टी : या वाचकांकडे सेवेचे लक्ष कमी जाते. त्यांना प्रकाश, भिंग, काळ्यावर पिवळी अक्षरे किंवा १८ पॉइंटच्या आसपासचा ठळक टाइप पुरतो. मराठीत मोठ्या टाइपाची परंपरा आहे, पण ती पोथ्यांची. गुरुचरित्र किंवा ज्ञानेश्वरी मोठ्या अक्षरांत कुठल्याही धार्मिक पुस्तकांच्या दुकानात मिळते. मोठ्या टाइपातली नवी कादंबरी मागितली तर दुकानदार चमकतो.

सार्वजनिक ग्रंथालये : महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदानित वाचनालयांचे दाट जाळे उभे राहिले, तरी दृष्टिहीनांची सेवा मुख्यतः स्वयंसेवी संस्था आणि महाविद्यालयांतील केंद्रे यांच्याकडेच राहिली. गोव्यात पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे. तालुक्याच्या वाचनालयाला सुरुवात करायला विशेष खर्च येत नाही: एका संगणकावर एनव्हीडीए, एक स्कॅनर, हेडफोन आणि सुगम्य पुस्तकालयाचे सभासदत्व मिळवून देणारा कर्मचारी. सभासदत्वासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि मिळालेली प्रत त्या वाचकापुरतीच असते. घरातल्या डोळस भावंडाने ती वापरणे कायद्यात बसत नाही.