हिरो मुंबईत, धावपळ रावेरला

पडद्यावर हिरो जळगाव जिल्ह्यातल्या रावेरच्या केळीबागेतून धावतोय, मागे सातपुडा. प्रत्यक्षात हिरो रावेरला फिरकलेलाही नसू शकतो. धावतो तो त्याच्यासारखाच शर्ट घातलेला डुप्लिकेट, आणि त्याला टिपतं ते सेकंड युनिट, म्हणजे चित्रीकरणाचं दुसरं पथक. मुख्य दिग्दर्शक तेव्हा मुंबईच्या स्टुडिओत हिरोचे क्लोजअप उरकत असतो, कारण महाग असतात त्या हिरोच्या तारखा. लांबचे शॉट, कॅमेऱ्यासमोरून जाणाऱ्या गाड्या, स्टंट, व्हीएफएक्ससाठी (संगणकावर नंतर जोडायच्या दृश्यांसाठी) रिकामी पार्श्वभूमी हे सगळं या दुसऱ्या पथकाकडे. म्हणून त्याला दुय्यम समजू नका. १९५९च्या ‘बेन-हर’ या हॉलिवूडपटातली गाजलेली रथांची शर्यत दिग्दर्शक विल्यम वायलरने नव्हे, तर अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांच्या सेकंड युनिटने घेतली होती.

खरी डोकेदुखी असते उजेड जुळवण्याची. रावेर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, सावली पायाखाली गडप. डिसेंबरअखेर मात्र तो दुपारीही जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि सावली जवळजवळ माणसाएवढी पडते. समजा, मुख्य युनिटने डिसेंबरच्या दुपारी काम केलं आणि उरलेले शॉट मेमध्ये घ्यायचेत. तर साडेतीनपर्यंत थांबायचं, म्हणजे सूर्य ४५ अंशांवर उतरतो. सावलीची लांबी जुळली, पण दिशा? डिसेंबरात ती उत्तरेला होती, आता पूर्वेकडे. मग कॅमेरा फिरवा. आणि फिरवला की उत्तरेचा सातपुडा फ्रेमबाहेर!

बागेत आणखी एक भानगड. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा बराचसा आरपार सोडतं. त्यामुळे केळीखाली उभ्या माणसाच्या गालावर हिरवट छटा येते. खाली काळी जमीन, ती प्रकाश फारसा परतवत नाही. हनुवटीखालचा भाग काळवंडतो. स्टुडिओतल्या क्लोजअपला हे दोन्ही नकली द्यावं लागतं: दिव्यावर फिकट हिरवा जिलेटिन कागद, पायाशी काळं कापड. नाहीतर एकाच पळापळीत हिरोचा रंग दोनदा बदलतो. प्रेक्षकाला नेमकं कळत नाही, पण खटकतं.

आणि केळ काही कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं तसंच दिसण्याचा नियम, पाळत नाही. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवं पान येतं, वाऱ्याने जुनी फाटतात. राहिलेले शॉट घ्यायला महिन्याभराने जावं, तर व्यापाऱ्याची गाडी येऊन घड कापून गेलेले असतात.