पॅकेज-नामकरण व वर्गीकरण (डेबियन)

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून बांधले जाते आणि त्याला नाव, विभाग व भांडार ठरवून दिले जाते. २०२३ साली आलेल्या १२व्या आवृत्तीत अशी ६४,४१९ पॅकेजेस होती.

नावाचे लेखी नियम थोडके आहेत. रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक, अधिकचिन्ह, जोडरेघ आणि टिंब एवढेच चालते. सुरुवात अक्षराने किंवा अंकाने, लांबी किमान दोन. बाकी सगळा वहिवाटीचा भाग. लायब्ररीच्या (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडसंचाच्या) नावाआधी ‘लिब’ येते, फॉन्टच्या नावाआधी ‘फॉन्ट्स’. नाव आधीच कुणी घेतलेले असेल, तर मागून आलेला कितीही मोठा असो, त्याने थांबायचे. गिट ही आवृत्ती-नियंत्रण (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी) प्रणाली जगभर पसरली तरी डेबियनमध्ये बरीच वर्षे ‘गिट-कोअर’ होती, कारण ‘गिट’ हे नाव एका जुन्या फाइल-व्यवस्थापकाकडे होते. ते तिला २०१० मध्ये मिळाले.

खरी अडचण भाषांच्या नावांत दिसते. नागपुरात महाल भागातला एखादा छापखाना, जिथे लग्नपत्रिका मराठीत आणि दुकानाची पाटी हिंदीत निघते, त्याला काय काय लागेल? लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचा मराठी चेहरा ‘लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर’ या पॅकेजात आहे. जुने छापील पान वाचून टाइप करून देणाऱ्या टेसरॅक्टचा मराठी संच मात्र ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’. भाषा एकच, पण एकाने दोन अक्षरी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) भाषासंकेत घेतला, दुसऱ्याने तीन अक्षरी. लोहित या फॉन्टमालिकेतल्या मूळ देवनागरी फॉन्टच्या नावात तर भाषाच नाही. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’मधले ‘देवा’ लिपीचे आहे. हे रास्तच म्हणावे लागेल, कारण तीच देवनागरी हिंदीलाही पुरते. नागपुरात सीताबर्डीला नुसते ‘बर्डी’ म्हटले तरी ऑटोवाला बरोबर पोचवतो. पण पॅकेजेस शोधून बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ या साधनाला ‘एमआर’ आणि ‘एमएआर’ यांचे नाते कुणी सांगितलेले नाही. मराठी डेस्कटॉप एकदम हवा असणाऱ्यांसाठी ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ आहे; तिथे भाषेचे नाव पूर्ण लिहिलेले सापडते.

वर्गीकरण दुहेरी आहे. परवान्यानुसार भांडारे: मुक्त सॉफ्टवेअर ‘मेन’मध्ये, स्वतः मुक्त, पण अमुक्तावर अवलंबून असलेले ‘काँट्रिब’मध्ये, उरलेले ‘नॉन-फ्री’त. वायफाय कार्डांसारख्या हार्डवेअरला लागणाऱ्या अमुक्त फर्मवेअरसाठी (यंत्राच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) १२व्या आवृत्तीपासून चौथे भांडार निघाले. ही विभागणी काटेकोर आहे, कारण परवाना वाचून निकाल देता येतो.

वापरानुसार पाडलेल्या विभागांचे तसे नाही. एका पॅकेजाला एकच विभाग मिळतो. त्यामुळे टेसरॅक्टचा मराठी संच ‘ग्राफिक्स’मध्ये बसतो, लिब्रेऑफिसचा ‘लोकलायझेशन’मध्ये, आणि विभाग चाळत मराठी शोधणाऱ्याची दोघांपैकी एकाशी चुकामूक ठरलेली. एका पॅकेजाला अनेक खुणा लावू देणारे ‘डेबटॅग्ज’ यासाठीच निघाले. एरवी ‘ॲप्ट सर्च मराठी’ रोमन लिपीत टाइप करणे सोपे पडते: हा शोध नावाबरोबर पॅकेजाचे वर्णनही धुंडाळतो, आणि वर्णनात ‘एमआर’ व ‘एमएआर’ दोघांपुढेही भाषेचे पूर्ण नाव असते.