गादी, नस आणि पायात उतरणारी कळ

‘गादी सरकली, नस दबली.’ कंबरदुखीचं निदान आपल्याकडे या चार शब्दांत उरकतं. पायात उतरणाऱ्या कळेचं मूळ पाठीच्या मणक्यांमधल्या गादीत असू शकतं, हे मात्र वैद्यकाला उमगून जेमतेम शंभर वर्षं होत आली आहेत.

कळ जुनीच आहे. चरकसंहितेत तिला ‘गृध्रसी’ म्हटलं आहे: कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असं करत पावलापर्यंत जाणारा वातविकार. सुश्रुताने नेमकी खूण सांगितली ती पाय उचलता न येण्याची. रुग्णाला उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलण्याची आजची तपासणी याच खुणेवर उभी आहे. ती १८८० च्या सुमारास सर्बियात लाझारेविच यांनी आणि फ्रान्समध्ये लासेग यांच्या शिष्याने नोंदवली, तरी नाव लासेग यांचंच राहिलं.

युरोपात हे दुखणं फार काळ खुब्याच्या सांध्याचं मानलं जाई. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये मज्जातंतूचं, म्हणजे नसेचं, दुखणं सांध्याच्या दुखण्यापासून वेगळं काढलं. पण मज्जातंतूला झालंय काय, याचं उत्तर मिळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षं गेली.

शस्त्रक्रियेत मज्जातंतूच्या मुळाशी कूर्चेसारखी गाठ सापडायची आणि सर्जन ती ट्यूमर समजून काढायचे. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९२९ मध्ये अशा दोन रुग्णांत तो गादीचाच सुटलेला तुकडा असल्याचं लिहिलं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग बोस्टनमध्ये विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी अशीच काढलेली गाठ निरोगी गादीच्या ऊतीशी ताडून पाहिली. इस्पितळात ‘ट्यूमर’ म्हणून जपून ठेवलेले जुने नमुनेही पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली आले, आणि त्यातले बरेचसे गादीचे तुकडे निघाले! ऑगस्ट १९३४ मध्ये त्यांचा लेख छापून आला, आणि पुढची काही दशकं जगभर गाद्या काढण्याचा सपाटा सुरू झाला.

गादी खरं तर सरकत नाही. तिचं बाहेरचं चिवट कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. बहुतेक वेळा कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत. ‘सरकली’ म्हटलं की ती जागेवर ‘बसवता’ येईल असं वाटतं, म्हणून हा शब्द मला खटकतो.

‘नस दबली’ हेही अर्धंच खरं. निरोगी नस दाबली तर मुंग्या येतात, बधिरपणा येतो. इतकी कळ कुठून? १९५८ मध्ये स्मिथ आणि राइट या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मज्जातंतूच्या मुळाभोवती नायलॉनचा दोरा अडकवून त्याचं टोक त्वचेबाहेर ठेवलं. नंतर तो हलकेच ओढला, तेव्हा पायातली तीच ओळखीची कळ उठली ती आधीच दुखावलेल्या मुळाला ताण बसल्यावर. १९९३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी डुकरांमध्ये गादीचा गर मज्जातंतूंवर न दाबता नुसता ठेवला, तरी त्यांचं काम मंदावलं. गर नसेला दाबतो, तसाच तो तिला सुजवतोही.

म्हणून एमआरआयमधली फुगलेली गादी पाहून घाबरू नये. १९९४ मध्ये पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. सूज ओसरते, बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, आणि बहुतेकांची कळ काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविनाच उतरते.

मात्र चवडा उचलता येईना, चालताना पायातली चप्पल निसटू लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. आणि बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. तिथे नसांचा अख्खा जुडगाच दबलेला असू शकतो, आणि तो वेळेत मोकळा झाला नाही तर गेलेली ताकद आणि संवेदना परत येईलच असं नाही.