फळांची आरास (खानदेश)

ताजी फळे रचून जेवणाच्या किंवा स्वागताच्या मेजाचा मध्यभाग सजविण्याची कला. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) ती आज मुख्यतः लग्न, साखरपुडा व डोहाळजेवणात दिसते.

उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मताप्रमाणे ही रीत युरोपीय. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स येथील शिल्पकार लूका देल्ला रोब्बिया याच्या झिलईदार मृत्शिल्पांभोवती फळापानांचे हार आढळतात. अमेरिकेतील विल्यम्सबर्गच्या सजावटीने १९३० च्या दशकात त्यांपासून प्रेरणा घेतली. खिळे ठोकलेल्या लाकडी शंकूवर सफरचंदे खोचून शेंड्याला अननस ठेवण्याची तेथील रचना वसाहतकालीन म्हणून सांगितली जाते. तिचे आजचे रूप विसाव्या शतकातील मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मंगल कार्यालयांत दिसणारे टरबुजावरील कोरीव फूल थाई परंपरेशी जुळते. ही परंपरा चौदाव्या शतकातील सुखोथाई राज्याच्या दरबारातील स्त्री नांग नोप्पमात हिच्याशी जोडतात. मात्र तिच्या नावावरील ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

दुसरे मत आखाजीच्या (अक्षय तृतीया) घागरीकडे बोट दाखविते. त्या दिवशी पितरांसाठी पाण्याने भरलेल्या घागरीवर लहान मातीचे भांडे, त्यावर डांगर (खरबूज) ठेवतात आणि सोबत आंबे व सांजोऱ्या मांडतात. घागर ही पूजा आहे, शोभा नव्हे. म्हणून मेजावरील आरास थेट तिच्यातून निघाली असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही भार खाली, हलके वर आणि हंगामाचेच फळ हा दंडक दोन्हीकडे सारखा आहे. खानदेशी हाताला ही रचना परकी वाटत नाही, याचे कारण बहुधा तेच असावे.

रचनेचा कणा केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल व चोपडा हे तिचे प्रमुख तालुके. मध्यभागी ठेवायच्या टरबुजाच्या बुडाची साल पातळ तासून बैठक सपाट करतात. सुरी लाल गराला लागली की रस पाझरतो आणि चादर खराब होते. केळीच्या फण्या पाठ बाहेर करून टरबुजाभोवती लावतात, म्हणजे देठांचा जुडगा झाकला जातो. शहाद्याकडील पपई अर्धी चिरून बियांसह ठेवल्यास रंग उठतो. कच्च्या पपईचा चीक मात्र आधी धुवून काढावा लागतो. थंडीत मेहरूणची बोरे फटी भरतात. द्राक्षांचे घड शेवटी सोडावेत आणि त्यांवरील पांढुरका मेणचट थर पुसू नये. ताजेपणाची खूण तोच.

केळी पिकताना इथिलीन वायू सोडते आणि शेजारची फळेही लवकर पिकतात. म्हणून ती किंचित हिरवट देठाची घ्यावी. आरास आदल्या रात्री शीतपेटीत ठेवणे चुकीचे : साधारण १३ अंश सेल्सियसखाली केळीची साल काळवंडते. चिरलेले सफरचंद हवेतील ऑक्सिजनने तपकिरी पडते. लिंबूपाण्यात बुडविल्यास ते बराच वेळ टिकते. वैशाखात जळगावचा पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा चिरलेले फळ पंगतीच्या ऐन वेळीच मांडावे. फळे पक्की बसविण्याच्या बांबूच्या काड्या मोजून खोचाव्यात व फळे वाटण्यापूर्वी तितक्याच काढून घ्याव्यात.