अमेरिकेत घरच्या यूव्हीबी युनिटला विमा मंजुरी: पात्रता, कागदपत्रं आणि कोड

सोरायसिस, पांढरे डाग किंवा हट्टी एक्झिमा यांवर नॅरोबँड यूव्हीबीचे, म्हणजे साधारण ३११ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) प्रकाशाचे, उपचार आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावे लागतात. प्रकाशात उभं राहायचं ते काही सेकंद ते काही मिनिटं. पण आठवड्याला तीन या हिशेबाने बारा आठवड्यांत दवाखान्याच्या ३६ फेऱ्या होतात, आणि बऱ्याच योजनांत दर फेरीला को-पे, म्हणजे रुग्णाच्या वाट्याची ठरलेली रक्कम, भरावा लागतो. म्हणून घरी वापरायच्या प्रकाशयंत्राचा, म्हणजे घरच्या युनिटचा, अर्ज विमा कंपनीकडे करायचा. तो अडतो बहुधा एकाच ठिकाणी: डॉक्टरांच्या नोंदी आणि अर्जातला कोड यांचा मेळ बसत नाही.

आधी कोड समजून घ्या. दवाखान्यात नुसता यूव्ही प्रकाश दिला तर सीपीटी कोड (बिलावर उपचार नोंदवण्याचा क्रमांक) ९६९००. प्रकाशाआधी अंगाला डांबरयुक्त मलम किंवा पेट्रोलॅटम लावलं तर ९६९१०. सोरालेन हे त्वचेला प्रकाश-संवेदनशील करणारं औषध देऊन यूव्हीए प्रकाश, म्हणजे पुवा उपचार, दिला तर ९६९१२. बिलावर ९६९१० असेल आणि नोंदीत मलमाचा उल्लेखच नसेल, तर विमा कंपनीला आक्षेप घ्यायला आयतं कारण मिळतं. घरच्या युनिटचे कोड वेगळे आहेत: दोन चौरस फुटांपर्यंतच्या लहान उपकरणाला ई०६९१, चार फुटी पॅनेलला ई०६९२, सहा फुटी पॅनेलला ई०६९३ आणि चहूबाजूंनी प्रकाश देणाऱ्या सहा फुटी कॅबिनेटला ई०६९४. फक्त कोपर-गुडघ्यांवर चट्टे असताना ई०६९४ मागितला तर नकार येणारच, आणि खरं सांगायचं तर त्यात कंपनीचं फारसं चुकत नाही.

पात्रतेच्या अटी योजनेनुसार बदलतात, पण विचारलं जातं ते साधारण सारखंच. निदान काय आहे (सोरायसिस व्हल्गॅरिस, म्हणजे नेहमीच्या सोरायसिसचा आयसीडी कोड, म्हणजे निदानाचा क्रमांक, एल४०.०, पांढऱ्या डागांचा एल८०), किती त्वचेवर पसरलंय, मलमांनी का भागलं नाही, दवाखान्यातल्या प्रकाशोपचाराने फरक पडला का, आणि रुग्ण घरी सूचना नीट पाळेल का. ल्युपस, झेरोडर्मा पिगमेंटोसम (दोन्हींत उन्हाचा त्रास होतो) किंवा मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर विम्याच्या आधी डॉक्टरच थांबवतील. प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील तर तीही आधी सांगा.

कागदपत्रांत सही-तारखेचं प्रिस्क्रिप्शन लागतंच, पण खरा भार पेलतं ते वैद्यकीय गरजेचं पत्र. ‘रुग्णाला फोटोथेरपीची गरज आहे’ एवढ्या एका ओळीचं पत्र काही कामाचं नाही. बाधित त्वचेची टक्केवारी (रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे अंदाजे एक टक्का), कोणतं मलम किती महिने लावलं, दवाखान्यात किती सत्रं झाली, काय सुधारणा दिसली, आणि येणं-जाणं का जमत नाही, हे सगळं त्यात हवं. तेच मागच्या भेटींच्या नोंदींतही दिसलं पाहिजे. सोबत फोटो जोडा. पांढऱ्या डागांचा अर्ज ‘सौंदर्योपचार’ म्हणून फेटाळला जाण्याची शक्यता जास्त, तेव्हा तिथे पत्र अधिकच भक्कम हवं. सोरायसिस असेल तर २०२४ साली ‘जामा डर्मटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘लाइट’ नावाच्या अभ्यासाचा उल्लेख करायला डॉक्टरांना सांगा: ७८३ रुग्णांच्या त्या अभ्यासात घरचे उपचार दवाखान्यातल्यांपेक्षा कमी ठरले नाहीत.

अर्ज बहुधा उपकरण पुरवणारी कंपनी किंवा दवाखाना पाठवतो. पुरवठादार कंपनी योजनेच्या नेटवर्कमधली, म्हणजे विम्याशी करार असलेली, आहे का, हे आधी फोन करून विचारा, आणि प्रायर ऑथोरायझेशनचं, म्हणजे विम्याच्या पूर्वमंजुरीचं, लेखी उत्तर हाती येईपर्यंत युनिट मागवू नका. मंजुरी मिळाली म्हणजे सगळं फुकट असंही नाही. मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) पार्ट बीमध्ये मंजूर उपकरणाचे २० टक्के, डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) भरल्यानंतरही, रुग्णाकडेच राहतात.

नकार आला तर पत्रातलं कारण वाचा आणि नेमकं त्यालाच उत्तर द्या. तीच फाइल पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. नोकरीतून मिळालेल्या योजनेत अंतर्गत अपिलाला १८० दिवस मिळतात, मूळ मेडिकेअरमध्ये (खासगी कंपनीमार्फत नव्हे, थेट सरकारी योजनेत) पहिल्या टप्प्याला १२०.

युनिट घरी आल्यावर डोस डॉक्टरांनी ठरवलेलाच, गॉगल दर वेळी, आणि तारीख-वेळेची वही ठेवायची. पुढे बल्ब बदलायचे झाले तर त्यांचा कोड निराळा, ए४६३३, आणि तो दर बल्बमागे लागतो.